गाडी आवाज करायलीय? इंजिन खोलू देण्याआधी एवढं बघून घ्या

गॅरेजात बाईक नेली की मिस्त्री दोनदा रेस देतो, मान हलवतो आणि सांगतो की इंजिन काम निघालं. निघालंही असंल, पण टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांमधली फट ठेवणारे स्क्रू) ढिल्ले असले तरी टकटक होते, सायलेन्सरचं गॅस्केट फुटलं तरी तसलाच आवाज येतो आणि पिस्टन गेला तरी ऐकणाऱ्याला टकटकच वाटते. पहिल्याचा खर्च जवळजवळ नाही आणि शेवटच्यासाठी सोयाबीन विकून पैसे यायची वाट बघावी लागते, म्हणून आवाज कुठून आणि कधी येतो हे आधी आपण पक्कं करायचं, मग पाना लावू द्यायचा.

सगळ्यात पहिलं ऑइल. गाडी पाचेक मिनिटं चालू ठेवा, बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा, डबल स्टँडवर सपाट जागेत लावा आणि मग ऑइल मोजायची पट्टी (डिपस्टिक) बघा. स्प्लेंडर, पॅशन, शाइनसारख्या गाड्यांत पट्टी पुसून नुसती आत टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत, नाहीतर लेव्हल आहे त्याच्यापेक्षा जास्त दिसते. ऑइल कमी असलं की वर हेडपर्यंत (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) नीट पोचत नाही आणि सगळ्यात आधी वरचाच भाग ओरडतो. कारचं ऑइल उरलंय म्हणून ते टाकू नका, बाईकचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, तो घसरायला लागतो. डब्यावर जासो एमए (JASO MA) किंवा एमए२ (MA2) हा बाईकच्या ऑइलचा दर्जा लिहिलेला बघा आणि ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलाय तोच घ्या. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा एअरकूल्ड (हवेनं थंड होणारं) इंजिन गरम झाल्यावर थोडं जास्त वाजतंच, त्याला लगेच बिघाड समजू नका.

नंतर बाहेरचा खडखडाट. पाणंद रस्त्यानं शेतात जाणारी गाडी, मागं दुधाचे कॅन नाहीतर चाऱ्याची पेंढी, नट ढिले होणारच. गाडी चालू ठेवून सायलेन्सरची जाळी, चेन कव्हर, नंबर प्लेट, हॉर्नची पट्टी, साइड पॅनल एकेक हातानं दाबत जा (सायलेन्सरला कपडा घेऊन, हात भाजंल), जिथं दाबल्यावर आवाज थांबला तिथला बोल्ट आवळा. हे बावळट वाटतं पण "इंजिन वाजतंय" म्हणून आलेल्या कितीतरी गाड्या इथंच बऱ्या होतात.

आता आवाज स्पीडबरोबर वाढतो का रेसबरोबर, हे बघायचं. मोकळ्या रस्त्यावर गाडी चालत असताना क्लच दाबून रेस सोडा. इंजिन खाली बसलं तरी आवाज त्याच वेगानं चालू असला तर इंजिनाचा काही दोष नाही, चेनसेट, चाकाचं बेअरिंग नाहीतर ब्रेक बघा. आवाज रेसबरोबरच कमी झाला तर मग इंजिनाकडं या.

गाडी न्यूट्रलला उभी करून स्लोवर ठेवा आणि क्लच दाबा-सोडा करा. दाबल्यावर आवाज बंद झाला तर क्लचची बेल (प्लेटा बसतात तो डबा) किंवा गिअरबॉक्सचं बेअरिंग, आणि उलट दाबल्यावरच किरकिर सुरू झाली तर क्लचचं छोटं बेअरिंग. क्लच दाबल्यानं काहीच फरक पडला नाही तर दोष हेड, टायमिंग चेन किंवा पिस्टनकडं.

आता लांब पेचकस घ्या, टोक इंजिनावर टेकवा आणि मुठीचं बूड कानाच्या मागच्या हाडाला लावा. डॉक्टरच्या नळीसारखं आतलं सगळं ऐकू येतं. हेड, मग ब्लॉकच्या (पिस्टन चालतो तो मधला भाग) दोन्ही बाजू, मग मॅग्नेट कव्हर, मग क्लच कव्हर असं फिरवत जा, जिथं आवाज सगळ्यात टोकदार तिथं दुखणं. गळ्यातला रुमाल चेनपासून लांब ठेवा आणि बंद खोलीत गाडी चालू ठेवून हे करू नका, धूर घातक असतो.

हेडवर टिकटिक असली तर टॅपेट धरून चालू नका, आधी सायलेन्सरचा बेंड जिथं हेडला बसतो तिथं बघा. भोवती काळी काजळी असली, सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर तिथून फक-फक हवा हाताला लागत असली तर गॅस्केट गेलंय. नवीन गॅस्केट टाकून दोन्ही नट सारखे-सारखे थोडे थोडे आवळा.

ते ठीक असंल तर टॅपेट. हे घरी जमतं, फक्त घाई नको. इंजिन पूर्ण थंड पाहिजे, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी. प्लग काढा म्हणजे इंजिन हलकं फिरतं. हेडवरच्या दोन्ही टोप्या काढा, मॅग्नेट कव्हरवरच्या दोन गोल टोप्या काढा, मधल्या नटला गोटी पाना लावून इंजिन चालताना फिरतं त्याच दिशेनं हळूहळू फिरवा आणि छोट्या खिडकीत मॅग्नेटवरची T ची रेघ कव्हरच्या खुणेसमोर आणा. F ची रेघ वेगळी, ती फायरिंगची, तिच्यावर सेटिंग करू नका. T वर आल्यावर दोन्ही रॉकर (टोप्यांखाली दिसणारे, व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) बोटानं जरा हलले पाहिजेत. एखादा घट्ट असला तर पिस्टन चुकीच्या फेरीला वर आलाय, अजून एक पूर्ण फेरा द्या. मग फिलर गेजची (गॅप मोजायची) पातळ पट्टी स्क्रू आणि व्हॉल्व्हच्या मध्ये घाला. लहान गाड्यांत गॅप मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात, त्यामुळं अंदाजपंचे नाही चालत, इनटेक आणि एक्झॉस्टचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. पट्टी जराशी अडकत सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू पेचकसनं धरून ठेवा आणि आवळल्यावर परत मोजा, कारण आवळताना गॅप हलतोच.

आणि ही गोष्ट लई लोक उलटी करतात. "भाऊ, आवाज एकदम बंद करा" म्हणलं की मिस्त्री टॅपेट घट्ट करून देतो, गाडी गप्प होते, गिऱ्हाईक खूश. घट्ट टॅपेटचा व्हॉल्व्ह गरम झाल्यावर पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं, गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. बारीक टिकटिक असलेली गाडी बरी. ड्यूकसारख्या गाड्यांत स्क्रूऐवजी शिम (ठरलेल्या जाडीच्या चकत्या) असतात आणि बुलेटच्या यूसीई इंजिनात (इंजिन-गिअरबॉक्स एकाच केसमध्ये असलेलं) टॅपेट हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर आपोआप सेट होणारे, तिथं हा प्रकार करू नका.

खर्रर्र असा साखळी घासल्यासारखा आवाज ब्लॉकच्या एका बाजूनं यायला, मधल्या रेसला वाढायला आणि रेस सोडताना जास्त व्हायला तर टायमिंग चेन. सकाळी सुरू करताना क्षणभर वाजून थांबली तर चालतंय. कायम वाजत असली तर टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग), चेन आणि गाइड (चेन जिच्यावरून सरकते ती पट्टी) एकदाच बदला, नुसता टेन्शनर टाकला तर थोड्या दिवसात परत तेच. हे टाळत राहू नका, चेननं दात सोडले तर व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतो.

मांजरसुंब्याच्या घाटात डबलसीट, चौथ्या गिअरवर ओढताना टणटण आलं तर गिअर खाली घ्या, बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. तरी आलं तर आतला कार्बन, प्लग आणि पेट्रोल बघा.

थंड असताना टकटक, गरम झाल्यावर कमी, आणि मागून निळा धूर, ऑइल कमी व्हायलंय, तर ब्लॉक-पिस्टन. मळणीच्या दिवसातली धूळ फाटक्या एअर फिल्टरमधून आत गेली की बोअर (पिस्टन सरकतो ती नळी) असाच खाल्ला जातो, म्हणून नवीन किट टाकताना फिल्टरही बदलून घ्या.

खालून जड ठक-ठक, रेस दिली की वाढणारी आणि ओढताना आणखी मोठी, तर कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) बेअरिंग. तिथंच गाडी बंद करा. "गावापर्यंत हळूहळू नेतो" म्हणू नका, रॉड तुटला तर केस फोडून बाहेर येतो आणि मग क्रँकसोबत केसचाही खर्च. छोटा हत्ती बोलवा आणि गाडी त्यात टाका.