ओल्या लाकडाचा वाडगा: पहिलं कातकाम कसं करावं

लाकूड आधी वाळवायचं आणि मग वाडगा कातायचा, हा मार्ग ऐकायला सरळ, पण करायला लांबचा. तीन-चार इंची ठोकळा आतपर्यंत वाळायला वर्षं जातात आणि तोवर तो बहुधा फाटलेला असतो. त्यापेक्षा ओल्या ओंडक्यातूनच जाडसर वाडगा काढावा, सावकाश वाळू द्यावा आणि वाकडा झाला की दुसऱ्यांदा लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, चढवून गोल करावा. इथे 150 मिमी व्यासाचा, साधारण 65 मिमी खोल वाडगा धरला आहे.

ओंडका

सुरुवातीला आंबा घ्या. तो सहज मिळतो. शिरीष दिसायला देखणा, पण भुसा नाकाला झोंबतो. गुलमोहर पुण्यात जागोजागी पडतो, मात्र तो ठिसूळ असतो आणि त्याचे रेषे, म्हणजे लाकडातले तंतू, उपटले जातात. बाभूळ टणक आणि टिकाऊ. ओली असताना लोखंड लागलं की तिच्यावर निळे-काळे डाग पडतात. ते लिंबाच्या रसाने बरेचसे निघतात. कण्हेर आणि बिट्टी विषारी आहेत, त्यांचा वाडगा नकोच.

पावसाळ्याच्या तोंडावर झाडं पडतात, तेव्हा मोह होतो. पण शहरातल्या झाडांना 1975 चा वृक्ष संरक्षणाचा कायदा लागू आहे आणि तोडण्या-छाटण्याला महापालिकेची परवानगी लागते. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात बहुतेक चिरलेला, वाळलेला मालच दिसतो. ओला ओंडका सरपणाच्या वखारीत विचारा.

ओंडका 200 मिमी व्यासाचा हवा. टोकाला आधीच चिरा दिसत असतील तर कोरं, ओलं लाकूड लागेपर्यंत टोक कापून टाका. त्या चिरा वाडग्यात उतरतातच. मग 180 मिमी लांबीचा तुकडा घ्या, गाभ्यातून उभा चिरा आणि गाभ्याकडची किमान 10 मिमी पट्टी काढून टाका. याला सूट नाही. लाकूड वाळताना वर्तुळांच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडे आकसतं. गाभा मध्ये राहिला की ही ओढाताण चिरेतूनच सुटते. सपाट बाजूवर कर्कटकाने 160 मिमीचं वर्तुळ काढून कोपरे उडवा. लगेच कातणार नसाल तर ठोकळा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. एप्रिल-मे महिन्यातल्या दुपारी उघडा ठेवलेला ठोकळा संध्याकाळपर्यंत तडकू शकतो.

बाहेरची बाजू

सपाट बाजूवर फेसप्लेट, म्हणजे ठोकळा लेथला जोडणारी भोकांची चकती, बसवा. स्क्रू लाकडात 25 मिमी तरी गेले पाहिजेत. ही जागा पुढे पोखरलीच जाणार आहे. समोरून टेलस्टॉकचा, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या आधाराचा, टेकू द्या. टूल रेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) ठोकळ्यापासून 5-6 मिमी लांब ठेवून ठोकळा हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघा. चेहऱ्यावर पूर्ण शील्ड हवी, चष्मा पुरत नाही. वेग मिनिटाला 500 फेऱ्यांपासून सुरू करा. लेथ थरथरत असेल तर वेग वाढवून थरथर घालवायच्या भानगडीत पडू नका. ठोकळा गोल झाला की ती आपोआप थांबते. मग 900-1000 पर्यंत जा.

हत्यार 10 किंवा 12 मिमीचा बाऊल गाऊज, म्हणजे वाडगे कातायची पन्हळीची पटाशी. दांडे कातायचा रुंद रफिंग गाऊज इथे कधीच वापरू नका: त्याची मुठीत जाणारी शेपटी बारीक असते आणि आडव्या रेषांचा धक्का बसला की मोडते. बाहेरून कापताना तळाकडून काठाकडे जा. उलट गेलात तर रेषे उपटून पृष्ठभाग खडबडीत होतो. धार बरोबर लागली की ओल्या आंब्याच्या लांबलचक ओल्या फिती मनगटावर येऊन पडतात. त्यांच्या जागी भुसा उडू लागला, तर थांबून धार लावा.

तळाला चकसाठी (लेथचा जबड्यांनी पकडणारा भाग) टेनॉन, म्हणजे त्यात धरायचा गोल खुंट, काढा. चकचे जबडे 50 मिमीचे असतील तर टेनॉन 58 मिमीची ठेवा, कारण ती वाळून लंबगोल होईल आणि पुन्हा गोल करायला माल उरला पाहिजे. उंची 6 मिमी, बाजू जबड्याच्या कोनाप्रमाणे किंचित आत कललेली. टेनॉनचं टोक चकच्या तळाला टेकता कामा नये. पकड मिळते ती खांद्यावर, म्हणजे टेनॉनभोवतीच्या सपाट कडेवर.

आतून पोखरणं

चकमध्ये उलटा धरून काठाकडून मध्याकडे कापत जा. भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी, म्हणजे 15 मिमी. यापेक्षा पातळ केलात तर वाकल्यावर गोल करायला माल उरत नाही, जाड ठेवलात तर आतलं ओलं राहतं आणि बाहेरचं आकसून फाटतं. पण आकड्यापेक्षा सारखेपणा महत्त्वाचा. नवशिक्यांचे बहुतेक वाडगे तळाशी फुटतात, कारण काठ 15 आणि तळ 30 राहिलेला असतो. लेथ बंद करून कॅलिपरने तीन ठिकाणी मापा: काठाखाली, वळणावर, तळाला. आतला कोपरा काटकोनात न ठेवता गोलाईत उतरवा.

काम संपलं की लेथची पट्टी पुसून तेलाचा हात फिरवा. ओल्या ढलप्यांनी ती एका रात्रीत गंजते.

वाळवण

वाडग्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना रेषांची तोंडं उघडी पडलेली असतात. पाणी तिथूनच भराभर जातं. तिथे आत-बाहेर वितळलेलं मेण किंवा फेव्हिकॉलचा जाड थर द्या. तळावर पेन्सिलीने झाड, तारीख आणि वजन लिहा: «आंबा, 2 जुलै, 520 ग्रॅम». मग वर्तमानपत्राच्या तीन-चार घड्यांत गुंडाळून फरशीलगत, पंखा आणि ऊन टाळून ठेवा.

पुण्यातला पावसाळा यासाठी फार चांगला: हवा दमट, त्यामुळे चिरा कमी. भीती बुरशीची. पहिले दोन आठवडे दर दोन दिवसांनी कागद बदला. आंब्यावर काळपट डाग दिसू लागले तर कागद सैल करा. उन्हाळ्यात कातलेला वाडगा मात्र कागदासकट खोक्यात ठेवा, नाहीतर पहिल्या आठवड्यातच काठ तडकतो. केसाएवढी चीर दिसली तर पातळ सुपरग्लू सोडा. बोटाचं नख शिरेल एवढी असेल तर वाडगा सोडून द्या.

दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. सलग तीन आठवडे आकडा हलला नाही की वाडगा हवेच्या ओलाव्याशी जुळला. मात्र ऑगस्टमध्ये थांबलेलं वजन फसवं असतं: तेव्हा हवाच ओली असते आणि दिवाळीनंतर तोच वाडगा पुन्हा आकसतो. जुलैत कातलेल्यावर दुसरा हात डिसेंबरच्या आधी फिरवू नका.

तोवर तो चार-पाच मिलिमीटरने लंबगोल झालेला असेल. दुसऱ्या वेळी आधी काठाच्या बाजूने लाकडी ठोकळ्यावर टेकवून टेलस्टॉकने दाबून धरा आणि टेनॉन गोल करून घ्या. वाकडी टेनॉन चकमध्ये आवळली तर वाडगा सुटून अंगावर येतो.