बीजाणूंपासून हंसराज: नाशिकच्या हवेत नेचा कसा वाढवावा

हंसराज हा नेचा, म्हणजे फर्न; त्याला ना फूल, ना बी. त्याच्या पानाची कड मागच्या बाजूला दुमडलेली असते आणि त्या दुमडीत बीजाणूधान्या असतात, म्हणजे बीजाणूंच्या (बीचं काम करणाऱ्या सूक्ष्म कणांच्या) पिशव्या. नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराच्या ओल्या कड्यांवर पावसाळ्यात तो भरपूर दिसतो, पण ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथून तोडू नका. कुंडीतल्या झाडाचं एक पान पुरतं.

सप्टेंबर-ऑक्टोबरात दुमड तपकिरी झाली की पान काढा. हिरवी असेल तर कच्ची. उलगडून फाटली असेल तर बीजाणू उडालेत. पान पांढऱ्या कागदाच्या घडीत दोन दिवस कोरड्या जागी ठेवा. बीजाणूधानीभोवतीचं जाड पेशींचं कडं सुकताना ताणतं, मग झटक्यात बीजाणू फेकतं. कागद तिरका करून टिचकी मारा: भुसकट घसरतं, बारीक पूड चिकटून राहते. पेरायची ती पूड.

पारदर्शक डब्यात 3-4 सेंमी चाळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्या, त्यावर उकळतं पाणी ओता, झाकून गार होऊ द्या. हे टाळलं तर शेवाळ आणि बुरशी आधी उगवते. पूड अगदी विरळ भुरभुरा. दाटीत वाढलेल्या रोपांवर बहुधा नर अवयवच धरतात. डबा बंद करून उजेडात ठेवा, उन्हात नको.

काही आठवड्यांत हिरवा थर येतो, मग हृदयाच्या आकाराच्या, नखाहून लहान चकत्या. हा प्रोथॅलस. हे पान नव्हे, स्वतंत्र रोपच; मुळांऐवजी त्याला केसासारखे मूलाभ असतात. नर-मादी अवयव त्याच्या पोटाशी असतात आणि नरपेशी अंडपेशीकडे पाण्यातून पोहत जाते. अनेकांचं काम इथेच अडतं: कोकोपीट ओलं असतं, पण चकत्यांवर पाणी नसतं. उकळून गार केलेल्या पाण्याचा फवारा आठवड्यातून दोनदा मारा.

त्यानंतर पहिलं इवलंसं पान फुटतं. ऑक्टोबरच्या पेरणीची रोपं साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होतात, नेमकी नाशिकची हवा कोरडी पडते तेव्हा. झाकण तेव्हा काढलंत तर पानं दुपारपर्यंत करपतील. डबा घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात बंद ठेवा. पाऊस लागला की पंधरा दिवसांत थोडं थोडं उघडा. कुंडीत लावताना खोड गाडू नका, कुजतं. ते मातीच्या पातळीवरच हवं.

बॉस्टन फर्नवर हा खटाटोप करू नका, त्याचे बीजाणू सहसा रुजत नाहीत; धावत्या फांद्यांवरची रोपं वेगळी करा. आपल्याकडच्या रानटी हंसराजाच्या काही पानांचं टोक मातीला टेकलं की तिथेच मुळं धरतं. घाई असेल तर तेच करा.