वाड्यातील जुनी सागवानी तक्तपोशी दुरुस्त करताना या चुका टाळा

नागपुरात महाल भागातील काही जुन्या वाड्यांच्या माडीवर आजही सागवानी तक्तपोशी, म्हणजे फळ्या जोडून केलेली लाकडी जमीन, पाहायला मिळते. तिचे सर्वांत मोठे नुकसान दुरुस्तीच्या घाईत होते आणि त्यातील बरेचसे पुन्हा भरून निघत नाही.

पहिली चूक वेळेची. लाकूड हवेतील ओलावा शोषून रुंदीत फुगते आणि तो सोडताना आकसते. लांबीत मात्र ते जवळजवळ बदलत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे चढलेला असताना फळ्यांमधील फटी वर्षातील सर्वांत रुंद दिसतात आणि नेमक्या तेव्हाच त्या बुजवाव्याशा वाटतात. गोंदात भुसा कालवून त्या गच्च भरल्या, तर जुलै-ऑगस्टमध्ये फुगणाऱ्या फळ्यांना सरकायला जागा उरत नाही. मग फळ्या कडांनी उचलल्या जातात किंवा भरलेला मसाला तुकड्यातुकड्यांनी सुटून येतो. २-३ मिलिमीटरची फट तशीच राहू द्यावी. त्याहून रुंद फटीत जुन्या सागाची पातळ पट्टी तासून बसवावी आणि गोंद तिच्या एकाच कडेला लावावा, म्हणजे दुसरी कड मोकळी राहते. हे काम दिवाळीनंतर काढावे, कारण त्या सुमारास लाकूड मधल्या स्थितीत असते.

खिडकीजवळच्याच फळ्या काळवंडत असतील, तर आधी कूलर तपासावा. टाकीतून ठिबकणारे पाणी लोखंडी खिळ्यांपर्यंत पोहोचले की लोखंडाची लाकडातील टॅनिन या तुरट द्रव्याशी प्रक्रिया होऊन खिळ्याभोवती काळे वलय उमटते. गळती थांबवल्याशिवाय डाग घासणे व्यर्थ आहे.

दुसरी चूक घासकामाच्या यंत्राची, आणि ती आमच्याच घरी झाली. ठेकेदाराने भाड्याचे यंत्र आणून दुपारपर्यंत सारी माडी पांढरीफटक करून टाकली. जिन्याच्या तोंडाशी, जिथे वर येणारा प्रत्येक माणूस उजवीकडे वळत असे, तिथे कित्येक वर्षांच्या पावलांनी एक उथळ, गुळगुळीत खळगा पडला होता. तळहात टेकवला की तो जाणवत असे. आता तिथे सपाट लाकूड आहे. घडीव खिळ्यांची डोकी घासली गेली, काही फळ्या ढिल्या झाल्या आणि चालताना करकरू लागल्या. खरखरीत कागद लावलेले यंत्र थोड्या फेऱ्यांतच मिलिमीटरभर लाकूड सहज उतरवते. म्हणून आधी सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने मळ काढावा, वर आलेले खिळे हलकेच ठोकून बसवावेत आणि अगदी आवश्यक तिथेच पोलादी पाते रेषांच्या दिशेने हाताने फिरवावे. कडेला जुना तैलरंग असेल, तर तो कोरडा घासू नये. त्यात शिसे असण्याची शक्यता असते.

उधई लागल्याची शंका आल्यास हातोडीच्या दांड्याने फळी ठोकून पाहावी. सागाचा गाभा टिकाऊ असतो, पण कडेचा फिकट भाग पोखरला जातो आणि तिथून पोकळ आवाज येतो. तेवढाच भाग बदलावा.

शेवटी पॉलिश. कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवल्यावर पृष्ठभाग चिकट झाला, तर ते बहुधा चपड्याचे, म्हणजे लाखेचे, पॉलिश आहे आणि त्यावर पुन्हा चपड्याचाच पातळ हात देता येतो. जुन्या मेणावर किंवा तेलावर पॉलियुरेथेन (प्लास्टिकसारखा थर धरणारे वार्निश) दिल्यास त्याची पकड बसत नाही व ते सालपटासारखे सुटते. आधी तेलच दिलेले असेल, तर जवसाचे उकळलेले तेल अत्यंत पातळ लावून अर्ध्या तासाच्या आत उरलेले पुसून घ्यावे. जाड थर महिनोन्‌महिने चिकट राहून धूळ धरतो. तेलाने माखलेली फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. हे तेल सुकताना उष्णता निर्माण करते आणि घडीत कोंडलेल्या उष्णतेने फडके आपोआप पेटू शकते. ती पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवावीत किंवा अंगणात एकेक पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवावीत.