जुनी पायपेटी घेताना आधी आत बघा

कुडाळ-सावंतवाडीकडे दशावतारात, भजनात वाजलेल्या पायपेट्या, म्हणजे पायाने भाता मारून वाजवायच्या हार्मोनियम, अजून माळ्यावर पडलेल्या मिळतात, पण कोणी विकतोय म्हटल्यावर लगेच पैसे काढू नका. हार्मोनियमचं पेटंटच पॅरिसच्या दबें यांनी १८४२ ला घेतलं, त्यामुळे कोणी दोनशे वर्षं जुनी म्हणाला तर ऐकून सोडून द्या. बनवणाऱ्याच्या नावाच्या पाटीवर तर विश्वासच नको, पाटी कोणीही ठोकतं. झाकण काढून स्क्रू बघा, अधिकच्या चिन्हासारखी खाच असेल तर तो १९३० नंतरचा, म्हणजे पेटी एकतर नवी नाहीतर मागाहून उघडलेली. मग रीडबोर्ड, म्हणजे रीड बसवलेली फळी, काढून सूर देणाऱ्या पितळी रीड उजेडात धरा, त्यांच्या थरथरणाऱ्या पातीवर कानशीचे ताजे चकचकीत ओरखडे दिसले तर कोणीतरी घासघासून सूर लावलाय आणि अशी पात कधी तुटेल सांगता येत नाही. एकही पट्टी न दाबता भाता भरा, हवा भसकन गेली तर चामडं गेलंय, ते बदलता येतं. पण खाली पिठासारखा भुसा पडला असेल तर कीड आहे, अशी पेटी घरात आणूच नका. आणि प्लीज, रीडवरचा हिरवा गंज पॉलिश पेपरने घासू नका, मूळ सूर बिघडतो हो!