पक्ष्यांच्या मलेरियाची स्लाइड: या चुका टाळा

पक्ष्याच्या रक्तात परजीवी दिसले नाहीत, की दोष सहसा सूक्ष्मदर्शकावर जातो. बऱ्याच स्लाइड मात्र पक्षी हातात असतानाच बिघडलेल्या असतात.

वन खात्याची परवानगी हाती असेल तरच पक्षी पकडा. रक्त पंखाच्या आतल्या बाजूच्या शिरेतून, आणि वजनाच्या १ टक्क्यापेक्षा जास्त कधीच नाही. २५ ग्रॅमच्या चिमणीचं फार तर पाव मिलिलीटर. स्लाइडला मोहरीएवढा थेंब पुरतो. थेंब मोठा झाला की पेशी एकावर एक चढतात. दुसरी काच ३० ते ४५ अंशांत धरून एका दमात ओढा.

सगळ्यांत महाग चूक वाळवण्यात होते. थर १०-१५ सेकंदांत वाळायलाच हवा. रक्त हवेत आलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो, तापमान उतरतं आणि हिमोप्रोटिअसच्या (मलेरियाच्या परजीवीचा जवळचा नातलग) जननपेशी कीटकाच्या पोटात पोचल्यासारख्या वागू लागतात: गोल होतात, तांबडी पेशी फोडून बाहेर येतात, काही मिनिटांत नरपेशीतून धाग्यासारखी युग्मकं सुटतात. असली स्लाइड पाहून 'नवी जात' सापडल्याचा आनंद होतो, तो खोटा. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं रसायन) नळीत रक्त ठेवून संध्याकाळी स्लाइड काढली, तरी हाच घोळ. कोकणातल्या पावसात बॅटरीवरचा छोटा पंखा सोबत हवाच.

वाळलेली स्लाइड त्याच दिवशी शुद्ध मिथेनॉलमध्ये १ ते ३ मिनिटं बुडवा. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. झाकण सैल राहिलेल्या बाटलीतल्या मिथेनॉलने तांबड्या पेशींत चमकदार पोकळ्या दिसतात. फॉर्मॅलिनची बाटली त्याच पेटीत नको, तिच्या वाफेने रंग नीट चढत नाही. मग गिम्सा हा रंग: १० टक्के, पीएच ७.० ते ७.२, तासभर. पीएच घसरला तर सगळं गुलाबी दिसतं आणि परजीवीचं केंद्रक हरवतं.

पाहताना घाई करू नका. आधी कमी वर्धनावर कडा तपासा, कारण ल्युकोसायटोझून हा रक्तातला आणखी एक परजीवी मोठा पण विरळ असतो. मग तेल लावून १००० पटीवर किमान १०० क्षेत्रं. जुन्या संसर्गात दहा हजार पेशींत एखादाच परजीवी असू शकतो. रंगाचा कण पेशीच्या वर बसलेला असतो, फोकस हलवला की कळतो. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींनाच नव्हे, रक्त गोठवणाऱ्या पेशींनाही केंद्रक असतं. त्यांना परजीवी समजू नका.

रंगद्रव्याचे दाणे नसलेल्या मोठ्या जननपेशी ल्युकोसायटोझूनच्या. दाणे असतील आणि रक्तातच विभागणारे टप्पे दिसले, तर प्लास्मोडिअम, म्हणजे खुद्द मलेरियाचा परजीवी. नुसत्या जननपेशी दिसल्या तर प्रजातीचं नाव लिहायची घाई नको.

रोनाल्ड रॉसने १८९८ मध्ये कोलकात्यात पक्ष्यांच्या मलेरियावरूनच डासाची भूमिका सिद्ध केली, म्हणून सगळा दोष डासाला देण्याची सवय लागली आहे. कबुतरांतला हिमोप्रोटिअस कोलंबी पिसांत वावरणाऱ्या चपट्या माशीमुळे पसरतो, ल्युकोसायटोझून काळ्या माशीमुळे.

परजीवीचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणीही डोळे झाकून मानू नका. सायटोक्रोम बी या जनुकाच्या सुमारे ४८० बेसच्या (डीएनएची अक्षरं) तुकड्यावर मिश्र संसर्गात एकच वंश वर येतो, दुसरा दबतो. डीएनएच्या क्रमाच्या आलेखात दुहेरी शिखरं दिसली तर तशीच नोंद करा. शिवाय डीएनए सापडला म्हणजे त्या पक्ष्यात परजीवीची वाढ पूर्ण होतेच असं नाही, त्यासाठी रक्तात जननपेशी दिसाव्या लागतात. म्हणून एकाच पक्ष्याची स्लाइड आणि अल्कोहोलमधलं रक्त, दोन्हींवर त्याच्या पायातल्या वळ्याचा एकच क्रमांक हवा.