तालमीतलं गजकर्ण: या चुका टाळा

पाऊस लागला की आमच्या कोल्हापुरातल्या तालमींत हे ठरलेलं. पोरगं जोर मारता मारता थांबतं, जांघ खाजवतं, पुन्हा जोर मारायला लागतं. विचारलं तर म्हणतं, "काय नाही वस्ताद, घामोळं उठलंय." कडेनं लाल, खवलं धरलेलं आणि मधे साफ असं वर्तुळ दिसलं की ते घामोळं नव्हे, गजकर्ण. बुरशी आहे ती. अंगाला अंग घासणाऱ्या खेळात ती एकट्याजवळ राहत नाही.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे मेडिकलमधून "खाजेचं मलम" आणून चोळणं. त्यातल्या बऱ्याच मलमांत स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, लाली उतरते आणि बुरशी मात्र आतून पसरत राहते. राधानगरीकडचा एक पोरगा होता, हाडापेरानं दणकट. जत्रांची मैदानं तोंडावर, म्हणून त्यानं असली ट्यूब लावली आणि रोज लढत राहिला. महिन्याभरात गजकर्ण जांघेतून पोटावर चढलं. त्याच्या जोडीदाराच्या मानेवर आणि कोपरावर उठलं. खोलीतल्या पाच जणांत तिघांना झालं. पोराचा हंगाम गेला, मांडीची कातडी पातळ होऊन पांढरे वळ पडले, ते आजही आहेत. ती ट्यूब मी त्याच्या ट्रंकेवर पाहिली होती आणि विचारलं नव्हतं. ते मला अजून लागतं.

त्वचेच्या डॉक्टरकडे जा. औषध काही आठवडे चालतं, डाग गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस लावायचं. आठ दिवसांत "बरं झालं" म्हणून सोडणाऱ्यालाच ते परत होतं. उतावळ्या पोरांना हे पटतच नाही.

दुसरं लंगोटाचं. ओला लंगोट खिळ्याला अडकवायचा आणि पहाटे तोच आंबूस वासाचा कसायचा. पावसाळ्यात चार लंगोट हवेत, दोनांत भागत नाही. रोज गरम पाण्यात धुवा. ऊन नसेल तर गरम इस्त्री फिरवा, शिवणीवर जरा जास्त वेळ. भावाचाही लंगोट घालू नका.

पंचा, वस्तरा, साबणाची वडी ज्याची त्याची.

मेहनत झाली की आधी आंघोळ. घामेजल्या अंगानं थंडाई घोटत बसू नका. जांघ आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा.

कुस्तीच्या हौद्यातल्या मातीत हळद, ताक, लिंबू पडतं म्हणून काही होत नाही, हा भ्रम सोडा. मातीवर माझाही जीव आहे, पण ती औषध नव्हे. मॅट तर ओल्या फडक्यानं पुसून भागत नाही. जंतुनाशकानं रोज पुसा, बाटलीवर लिहिलंय तितका वेळ ओली राहू द्या आणि संडासातल्या चपला तिच्यावर आणू नका.

पाण्यानं भरलेल्या बारीक फोडांचा घोस चेहऱ्यावर किंवा मानेवर उठला, किंवा पिवळी खपली धरून पू वाहायला लागला, तर ते गजकर्ण नाही. त्या दिवसापासून लढत बंद, सरळ डॉक्टर.

आमच्याकडे आता लंगोट चढवण्याआधी प्रत्येकजण ट्यूबलाइटखाली उभा राहतो. मान, कानामागं, काखा, पाठ मी बघतो, जांघेचं त्यानं स्वतः सांगायचं. डाग निघाला तर त्या दिवशी कुणाशी जोड नाही, म्हणजे लढत नाही. त्यानं एका बाजूला बैठका माराव्यात, आणि त्याला कुणी हसायचं नाही.