नाशिकचं तयार पेज विकत घेताय? या चुका टाळा

सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. पंचवटीतले होमस्टेवाले, त्र्यंबक रोडचे हॉटेलवाले, टूर-टॅक्सीवाले, सगळ्यांनाच त्याआधी इन्स्टावर दिसायचंय. नवीन पेज वाढवायला वेळ लागतो. मग कुणाचा तरी भाचा सुचवतो, की नावात ‘नाशिक’ असलेलं, साठ हजार फॉलोअर्सचं तयार पेज ऑनलाइन विकायला आहे, घेऊन टाका. गंगापूर रोडला बसून मी छोट्या धंद्यांचं सोशल मीडियाचं काम बघतो. हल्ली लोक माझ्याकडे अशी लिंक घेऊनच येतात आणि विचारतात, “रेट बरोबर आहे का?”

रेटचं नंतर बघू. इन्स्टाग्रामच्या अटींमध्ये अकाउंट विकायला आणि विकत घ्यायला सरळ मनाई आहे, एक्सवरही तेच. म्हणजे उद्या काही बिनसलं तर कंपनीच्या सपोर्टकडे जाऊन “मी पैसे मोजलेत” असं म्हणायची सोय नाही. तसं म्हणालात तर अकाउंटच बंद व्हायचं. माझं मत विचाराल तर इन्स्टा अकाउंट विकत घेऊच नये. यूट्यूब चॅनल, फेसबुक पेज आणि टेलिग्राम चॅनल यांत मालकी बदलायची अधिकृत वाट तरी आहे. तरीही घ्यायचंच ठरलं असेल, तर निदान खालच्या चुका करू नका.

फॉलोअर्सचा आकडा बघून भुलणं

साठ हजार फॉलोअर्स आणि रीलला आठशे व्ह्यू, असं दिसलं की तिथेच थांबा. पण हल्ली विकणारे व्ह्यूसुद्धा विकत घेतात, त्यामुळे कमेंट वाचा. एका कॅफेवाल्याने मला अशाच एका पेजची लिंक पाठवली होती. रील मिसळीची, खाली कमेंट मात्र ‘नाइस पिक’, आगीच्या इमोजी आणि परत ‘नाइस पिक’. नाशिकमध्ये मिसळीच्या रीलखाली “याच्यापेक्षा आमच्या सिडकोतली भारी” असं म्हणत कुणी भांडायला आलं नाही, तर ते फॉलोअर्स नाशिकचे नाहीत हे लिहून घ्या.

मग प्रोफाइलवरच्या तीन टिंबांत जाऊन ‘अबाउट धिस अकाउंट’ उघडा. अकाउंट कधी सुरू झालं, कुठल्या देशातून चालतं, युजरनेम आधी बदललंय का, हे तिथे कळतं. फेसबुक पेजवर ‘पेज ट्रान्स्परन्सी’ बघा. तिथे जुनी नावं तारखेसकट मिळतात, आणि मोठ्या पेजचे अ‍ॅडमिन कुठल्या देशात बसलेत तेही. त्या कॅफेवाल्याने पाठवलेल्या पेजला जोडलेलं फेसबुक पेज आधी क्रिकेटच्या टिप्स देत होतं, नंतर शायरीचं झालं आणि विकायला काढण्याच्या थोडं आधी ‘नाशिक’ झालं. टिप्ससाठी आलेला माणूस तुमची कोल्ड कॉफी प्यायला कॉलेज रोडला येणार नाही.

स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवणं

इनसाइट्सचा, म्हणजे पेजच्या आकडेवारीचा, स्क्रीनशॉट बनवायला पाच मिनिटंही लागत नाहीत. स्क्रीन रेकॉर्डिंग दुसऱ्याच अकाउंटचं असू शकतं. व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करायला लावा आणि कुठे टॅप करायचं ते तुम्ही सांगा, त्याला ठरवू देऊ नका. आधी प्रोफाइल, तिथून प्रोफेशनल डॅशबोर्ड, मग फॉलोअर्सची टॉप शहरं. नाव नाशिकचं आणि वरच्या पाच शहरांत नाशिक, पुणे, मुंबई यातलं एकही नसेल, तर पुढे बोलायचं कारण नाही. त्याच कॉलवर ‘अकाउंट स्टेटस’ उघडायला सांगा. पोस्ट काढून टाकल्या असतील किंवा अकाउंट इतरांना सुचवणं इन्स्टाने थांबवलं असेल, तर ते तिथे दिसतं. विकणारा हे पान दाखवायला सहसा टाळाटाळ करतो. नेट नेमकं तेव्हाच जातं.

यूट्यूबचं चॅनल असेल तर स्टुडिओत स्ट्राइक, म्हणजे नियम मोडल्याची नोंद, आहे का ते बघा. नव्वद दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक झाले की चॅनल बंद होऊ शकतं. दोन स्ट्राइकचं चॅनल कुणी स्वस्तात देत असेल, तर ते स्वस्त का आहे ते समजून घ्या.

पासवर्ड मिळाला म्हणजे अकाउंट आपलं झालं, असं समजणं

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. इन्स्टाचा ईमेल बदलला की जुन्या ईमेलवर सूचना जाते, आणि त्यात ‘हा बदल मी केला नाही’ म्हणून तो उलटवायची लिंक असते. ती सूचना कंपनीने खऱ्या मालकाच्या भल्यासाठी ठेवली आहे. विकणारा तीच वापरतो. पैसे घेतो, थोडे दिवस गप्प बसतो, मग अकाउंट परत ओढून घेतो आणि दुसऱ्याला विकतो. म्हणून या बाजारात ‘ओजीई’ची भाषा चालते, म्हणजे अकाउंट ज्या ईमेलवर पहिल्यांदा काढलं तो मूळ ईमेलही सोबत देणार. ओजीई नाही म्हणाला तर व्यवहार सोडा. आहे म्हणाला तर त्या इनबॉक्समधला इन्स्टाचा अगदी पहिला स्वागताचा मेल दाखवायला सांगा. त्या मेलची तारीख आणि ‘अबाउट’मधली तारीख जुळायला हवी. जमिनीला सातबारा, तसा या धंद्यात तो मेल.

मूळ ईमेल हातात आला तरी त्या ईमेलचाही रिकव्हरी नंबर असतो, तो विकणाऱ्याचाच असतो. तोही बदलून घ्यायचा. आणि एक गोष्ट कुठल्याच ईमेलने सुटत नाही. अकाउंटवर विकणाऱ्याचे स्वतःचे फोटो असतील, तर तो सेल्फी व्हिडिओ देऊन “हा मीच” असं सिद्ध करू शकतो. चेहऱ्याचं अकाउंट म्हणूनच कधी घेऊ नये.

उलटाही प्रकार असतो. विकणाराच चोर असतो, कुणाचं तरी हॅक केलेलं अकाउंट घाईत खपवतो. अगदी जुन्या पोस्ट, टॅग केलेले फोटो, बायोत पूर्वी दिलेला दुकानाचा नंबर शोधा आणि त्या नंबरवर फोन लावा. “दादा, तुम्ही पेज विकताय का?” एवढं विचारलं तरी पुरतं. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरण्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. चोरीचं आहे हे कळूनही वापरत राहिलात, तर “मी फक्त विकत घेतलं” हे सांगणं अवघड जाईल.

फेसबुक पेजवर गोंधळ वेगळा. विकणारा तुम्हाला ‘फुल कंट्रोल’ देतो, तुम्ही खूश होता. पण पेज त्याच्या बिझनेस पोर्टफोलिओच्या, म्हणजे फेसबुकवरच्या त्याच्या धंद्याच्या खात्याच्या, मालकीचं असेल तर तो कधीही तुम्हाला बाहेर काढू शकतो. पेज तुमच्या पोर्टफोलिओत आलं पाहिजे. यूट्यूबवरही ‘मॅनेजर’ केलं म्हणजे मालक केलं असं नाही. चॅनल ब्रँड अकाउंटवर, म्हणजे एकाहून जास्त जणांना चालवता येणाऱ्या अकाउंटवर, असावं लागतं. तुम्हाला आधी ‘ओनर’ करायचं, सात दिवस थांबायचं, मगच ‘प्रायमरी ओनर’ करता येतं. पैसे त्या सात दिवसांनंतर द्यायचे. टेलिग्राम चॅनल देणाऱ्याचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन किमान सात दिवस आधीपासून सुरू असावं लागतं. “आत्ता लगेच ट्रान्सफर करतो” म्हणणाऱ्याला आधी तेवढं विचारा.

टोकनची घाई

“भाऊ, अजून दोन पार्टी लायनीत आहेत, टोकन टाका.” टाकू नका. ज्या साइटवर एस्क्रो आहे, म्हणजे ताबा मिळेपर्यंत पैसे साइटकडे अडकून राहतात, तिथेच व्यवहार करा आणि साइटचा पत्ता स्वतः टाइप करा. चॅटमध्ये आलेली एस्क्रोची लिंक हुबेहूब दिसणारी बनावट साइट असू शकते. टेलिग्राम ग्रुपमधला ‘एमएम’, म्हणजे मध्यस्थ, हा तर फसवणुकीचा जुना अड्डा. फोटो तोच, नाव तेच, युजरनेममध्ये एकच अक्षर वेगळं. यूएसडीटीत, म्हणजे क्रिप्टोत, पैसे मागितले तर नमस्कार करून निघा. ते परत येत नाहीत. बँक खात्यावरचं नाव आणि विकणाऱ्याचं नाव एकच आहे ना, तेही बघा. भावाच्या, मित्राच्या, बायकोच्या खात्याची गोष्ट ऐकायची नाही.

ताबा मिळाल्यावर सगळं एका दिवसात बदलणं

नवीन फोन, नवीन शहर, त्याच तासात ईमेल, नंबर, युजरनेम, फोटो सगळं नवं. असं केलं की इन्स्टाला संशय येतो आणि अकाउंट लॉक होतं. मग कोड जातो जुन्या नंबरवर. आधी ईमेल, मग फोन नंबर, मग टू-फॅक्टर नव्याने लावून जुने बॅकअप कोड रद्द. त्यानंतर ‘कुठे लॉग इन आहे’ या यादीतली इतर सगळी डिव्हाइस काढा. अकाउंट्स सेंटरमध्ये विकणाऱ्याचं फेसबुक जोडलेलं राहिलं का ते जरूर बघा, मागचा दरवाजा बहुतेक वेळा तोच असतो. नाव आणि फोटो सावकाश बदला. लॉक झालंच तर सारखा पासवर्ड मारत बसू नका, विकणाऱ्याला कॉलवर घेऊन कोड मागा. एस्क्रोचे पैसे तोवर सोडलेले नसावेत ते याचसाठी.

इनबॉक्समध्ये जुन्या ग्राहकांचे पत्ते, नंबर, फोटो पडलेले असतात. ते वाचत बसायचे नाहीत आणि त्यावर ऑफर तर अजिबात पाठवायची नाही.

अकाउंट परत गेलं, तर ते मिळवायच्या मागे लागण्याआधी पैशांच्या मागे लागा. लगेच १९३० ला फोन करा, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा, बँकेला कळवा. पहिल्या काही तासांत पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त असते. चॅट डिलीट करू नका, विकणाऱ्याने ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करायच्या आत स्क्रीनशॉट काढा. यूपीआयचा यूटीआर (व्यवहाराचा) नंबर, त्याचं प्रोफाइल लिंकसकट, खाते क्रमांक, सगळं एका जागी ठेवा. नाशिक शहरात राहत असाल तर शहर पोलिसांचं सायबर पोलीस ठाणं आहे, त्र्यंबक-निफाडकडच्यांना ग्रामीणचं. जाताना हे सगळं प्रिंट काढून न्या. नुसता मोबाइल दाखवलात तर “प्रिंट आणा” म्हणून परत पाठवतील, आणि तेवढ्यात अर्धा दिवस जातो.